रफार नसलेलं नाव

पुसलेलं परत निघतं का, असं अक्कानं फोनवर विचारलं तेव्हा मी जळगावात, पिंप्राळ्यातल्या घरी जेवायला बसलो होतो. मला वाटलं साडीवरच्या डागाबद्दल विचारतेय. मी म्हटलं, कसला डाग आहे त्यावर अवलंबून आहे.

"डाग नही रे भाऊ," ती म्हणाली. "कंपूटरमा लिखेल, नि मंग पुसेल. ते निंघस का?"

अक्का माझी थोरली बहीण. धुळ्याला असते. भाऊजींना जाऊन तेव्हा जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, दुकानांची हँडबिलं, असलं सगळं ते टाइप करून द्यायचे. दुकान आता बंद होतं आणि त्या दिवशी भंगारवाला कॉम्प्युटर न्यायला येऊन ओट्यावर बसला होता. अक्कानं त्याला चहा दिला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. मग मला फोन केला.

जुन्या फायलींतून मजकूर काढून देणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. ज्या वर्डच्या फायली आता नीट उघडत नाहीत, किंवा उघडल्या तर पडद्यावर नुसता कचरा दिसतो, त्यांच्या पोटात शिरून अक्षरं बाहेर काढणारे प्रोग्राम मी लिहितो. बायको म्हणते, तुमचा धंदा भंगारवाल्याचाच, फक्त हातगाडी नाही. तिचं म्हणणं मला कधी खोडून काढता आलेलं नाही.

"तुले काय पाहिजे त्यामातलं?" मी अक्काला विचारलं.

"तुनी पयली पत्रिका," ती म्हणाली. "जिमा तिनं नाव व्हतं."

घास माझ्या हातातच राहिला. 'तिनं' म्हणजे तिचं. अक्काच्या घरात 'ती' एकच होती, आणि तिच्याबद्दल अक्का इतकं बोलली, हेही मी खूप वर्षांनी ऐकत होतो.

माझं लग्न ठरलं तेव्हा अक्काची मुलगी चार वर्षांची होती. पत्रिका अर्थातच भाऊजींनी घरच्या दुकानात टाइप केली. आमच्याकडे पत्रिकेच्या अगदी खाली लहान मुलांची एक ओळ असते, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं', आणि पुढं घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं. आमच्या घरात चिल्लंपिल्लं एकच होतं. भाऊजींनी 'आमच्या'चं 'माझ्या' केलं आणि पुढं तिचं एकटीचं नाव घातलं. अक्काला दुकानात बोलावून दाखवलं. पोरगी अक्काच्या कडेवर होती. तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि स्वतःचं नाव म्हणून दाखवलं. तिच्या नावात एक रफार होता आणि तिला 'र' म्हणता यायचा नाही, त्यामुळे नाव तिच्या तोंडून नेहमी रफार गाळूनच यायचं. आम्ही सगळे तिला ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचो आणि हसायचो.

पत्रिका छापायला जायच्या आधीच पोरगी तापानं गेली. थोड्याच दिवसांचा ताप. लग्न पुढच्या मोसमावर ढकललं. तारीख बदलून पत्रिका पुन्हा काढायची वेळ आली तेव्हा आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, भाऊजींना सांगितलं की गेलेल्या लेकराचं नाव लग्नाच्या पत्रिकेत ठेवत नसतात, ती ओळ काढा. अक्का तेव्हा दुकानाच्या उंबऱ्यात उभी होती. तिच्यासमोर भाऊजींनी ओळ निवडली आणि बटण दाबलं. ओळ गेली आणि खालची ओळ वर सरकली. मग त्यांनी ट्रेसिंग, म्हणजे छपाईसाठीची अर्धपारदर्शक कागदावरची प्रत, काढलं आणि सायकलवर टांग मारून प्रेसला गेले.

हे मला अक्कानं एकदाच सांगितलं आहे. त्यातलं 'खालची ओळ वर सरकली' हे ती ज्या आवाजात बोलली, तो माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

त्यानंतर अक्कानं दुकानात पाऊल ठेवलं नाही. एकाच घरातली पुढची खोली, पण ती उंबऱ्यापर्यंत यायची, चहाचा कप आत सरकवायची आणि परत फिरायची. बाहेरून बघणाऱ्याला संसारात काही कमी दिसलं नसतं. ती वेळेवर जेवण करायची, ते न बोलता खाल्लं जायचं. पोरीचं नाव घ्यायचं नाही असं त्या घरात कुणी ठरवलं नव्हतं. ते आपोआप बंद झालं. पण अक्काच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. या माणसानं पोरीला एका बटणानं काढून टाकलं आणि तो पुढच्या कामाला लागला. पुढचं काम तरी काय, तर लोकांच्या लग्नाच्या पत्रिका. दुसऱ्यांच्या पोराबाळांची नावं दिवसभर टाइप करायची.

मला भाऊजी आवडायचे, हे सांगून टाकतो. पण या बाबतीत मी अक्काच्या बाजूचा होतो. मलाही ते थोडे थंडच वाटायचे.

मी बसनं धुळ्याला गेलो. पारोळ्याला बस थांबली तेव्हा खाली उतरून चहा प्यायलो, आणि खरं सांगायचं तर परत फिरावंसं वाटलं. दुकानात धुळीचा आणि जुन्या टोनरचा वास होता. कॉम्प्युटर सुरू झाला हेच आश्चर्य. पण त्याच्या सी ड्राइव्हवर काहीच नव्हतं. व्हायरस आला म्हणून दुरुस्तीवाल्यानं वर्षभरापूर्वी तो फॉरमॅट केला होता, आणि डेस्कटॉपवरचं सगळं त्याच्याबरोबर गेलं होतं. गिऱ्हाइकांची कामं डी ड्राइव्हवर होती, ती शाबूत होती. वर्षानुवर्षांच्या पत्रिका, आडनावांनी नावं दिलेल्या फायली. त्यात माझी होती. उघडली. तारीख नवी, खाली मुलांची ओळ नाही. छापलेली होती तशीच.

अक्का उंबऱ्यात उभी होती.

"मझार ये ना," मी तिला आत बोलावलं.

"आठेच बरी शे मी," ती म्हणाली. "निंघनं का?"

मी सांगितलं की असं लगेच निघत नाही. सगळा डी ड्राइव्ह माझ्या डिस्कवर उतरवून घेतला आणि जळगावला आलो.

आता ती फाईल आतून कशी असते ते थोडं सांगावं लागेल. जुन्या वर्डला घाई फार. तुम्ही मजकुरात बदल करून सेव्ह केलं की तो सगळी फाईल नव्यानं लिहीत बसायचा नाही. नवीन लिहिलेलं शेवटी चिकटवायचा आणि आत एक छोटी अनुक्रमणिका ठेवायचा, की इथपासून इथपर्यंत वाचा, मग तिकडं उडी मारा, मग परत इकडं या. पुसलेली ओळ तो पुसायचाच नाही. अनुक्रमणिकेतून तेवढं तिचं नाव कमी व्हायचं. ओळ जिथं होती तिथंच पडून राहायची, फक्त तिकडं कुणी बघायचं नाही.

माझं रोजचं काम म्हणजे त्या अनुक्रमणिकेप्रमाणे वाचणं. तसं नाही वाचलं तर काय होतं ते मी एकदा भोगलंय. एका संस्थेच्या जुन्या कागदपत्रांचं काम करताना मी आळस केला आणि फाईल सरळ पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत वाचली. अध्यक्षांच्या गौरवाच्या भाषणात, 'कर्तव्यदक्ष' या शब्दाच्या शेजारी टाइप करणाऱ्यानं आधी लिहून मग पुसलेली एक शिवी निघाली. ते छापून गेलं असतं तर माझं जळगावात राहणं कठीण झालं असतं. तेव्हापासून अनुक्रमणिकेशिवाय मी पाऊल टाकत नाही.

या वेळी मात्र उलटं करायचं होतं. अनुक्रमणिका ज्यांच्याकडे बोट दाखवते ते सगळं बाजूला ठेवायचं आणि उरेल ते वाचायचं. जिवंत मजकूर वजा करून मेलेला तेवढा काढायचा. आमच्या धंद्यात मजकुराला जिवंत आणि मेलेला असंच म्हणतो. मी ते रोज म्हणतो. त्या दिवशी ते म्हणताना जीभ अडखळली.

अडचण आणखी एक होती. भाऊजींचा मराठी फॉन्ट जुना होता. पडद्यावर मराठी दिसायचं, पण फायलीत त्याच्यामागं इंग्रजी चिन्हांचा खच. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर, असा सगळा उफराटा मामला. कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर, याचा तक्ता मी बनवला. तक्त्यात नसलेलं चिन्ह आलं की माझा प्रोग्राम ते गुपचूप गाळायचा. ही वाईट सवय आहे, पण घाईत सगळेच करतात.

दुपारची वेळ होती. कूलर घरघरत होता. माझ्या पत्रिकेची फाईल प्रोग्रामला दिली आणि पडद्यावर ओळ आली: 'माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं'. पुढं तिचं नाव. रफार न घेतलेलं. अगदी ती म्हणायची तसं.

मी उठून कूलर बंद केला. खोलीत कुणी बोललंय की काय हे ऐकायला बंद केला असणार. दुसरं कारण मला सापडत नाही.

मग डोकं ठिकाणावर आलं. तक्त्यात रफाराचं चिन्ह घालायचंच राहिलं होतं, म्हणून ते गळालं होतं. 'मुहूर्त'चं 'मुहूत' झालं होतं, 'आशीर्वाद'चं 'आशीवाद' झालं होतं, ते मी आधी बघितलंच नव्हतं. चूक माझी होती, भुताची नव्हती. चिन्ह घातलं, पुन्हा चालवलं, नाव नीट आलं. नीट आलं आणि मला उगाचच वाईट वाटलं.

काम झालं होतं. पण एका फायलीवर प्रोग्राम चालला की तो सगळ्या फोल्डरवर सोडायचा, ही हाताची खोड. सोडला. आणि पडद्यावर तिचं नाव येऊ लागलं. यावलच्या कुणाच्या तरी लग्नात तिचं नाव. पारोळ्याच्या लग्नात तिचं नाव. ज्या माणसांना मी ओळखत नाही, ज्यांनी तिला कधी पाहिलं नाही, त्यांच्या पत्रिकेच्या तळाशी, त्यांच्या भाचरांच्या नावांखाली, पुसलेली तीच ओळ. मागून आणखी येतच होत्या.

मला वाटलं माझाच घोळ आहे, मागच्या फायलीतलं उरलेलं पुढच्या फायलीत गळतंय. थांबवलं, तपासलं. प्रोग्राम बाजूला ठेवून एकेक फाईल नुसत्या बाइटमध्ये उघडून डोळ्यांनी बघितली. घोळ नव्हता. उघडली त्या प्रत्येकीत ती होती.

मग भाऊजींची काम करायची पद्धत आठवली. ते नवी फाईल कधीच सुरू करायचे नाहीत. डेस्कटॉपवर 'नमुना' नावाची एक पत्रिका असायची. तिची कॉपी काढायची, कॉपीला गिऱ्हाइकाचं आडनाव द्यायचं, उघडायची, जुनी नावं पुसून नवी टाकायची आणि सेव्ह. धुळ्यातले सगळे डीटीपीवाले असंच करायचे, यात विशेष काही नाही. विशेष एवढंच की हा नमुना म्हणजे माझी पहिली पत्रिका होती, जिच्यात तिची ओळ जिवंत होती. या फायलींतल्या पुसलेल्या मजकुरात माझ्या लग्नाची जुनी तारीख होती, नवी कुठंच नव्हती, त्यावरून ते कळलं. दुसरी, ओळ काढलेली, पत्रिका त्यांच्याकडे तयार होती. ती नमुना म्हणून ठेवली असती तर एवढं काम वाचलं असतं. त्यांनी पहिलीच ठेवली. म्हणजे प्रत्येक पत्रिकेच्या वेळी ती ओळ त्यांच्यासमोर यायची, आणि प्रत्येक वेळी त्यांना ती नव्यानं पुसावी लागायची.

पण हे मुद्दाम होतं, की नुसता आळस? माणूस सवयीनं काय काय करत राहतो. मी ठरवू शकत नव्हतो. आणि पुढं गेल्यावर उत्तर मिळालं असं मला वाटलं. मधल्या एका वर्षी भाऊजींनी जुना फॉन्ट सोडून नवा घेतला होता. जुन्या फॉन्टातलं नव्यात चालत नाही, त्यामुळे नमुना त्यांना पहिल्यापासून पुन्हा टाइप करावा लागला असणार. नव्या फॉन्टाचा वेगळा तक्ता बनवून त्यानंतरच्या फायलींत मी तिचं नाव शोधलं. शोध रिकामा आला. एकाही फायलीत नाही.

मला त्यांचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग यावा याची लाजही वाटली, पण राग आलाच. सवय होती तोवर पोरगी राहिली, आणि पुन्हा टाइप करायची वेळ आली तेव्हा सुटली. आता हे अक्काला सांगायचं कसं?

पुढच्या आठवड्यात धुळ्याला गेलो. ठरवलं होतं की पहिली अर्धी गोष्ट सांगायची, नंतरची गिळायची. दुकानात टेबलावर लॅपटॉप उघडला. अक्का उंबऱ्यात. माझ्या पत्रिकेतली ओळ तिला दाखवली. तिनं पाहिली आणि नुसती मान हलवली. मग मी नमुन्याचं सांगितलं, सगळ्या जुन्या पत्रिकांत ती कशी आहे ते सांगितलं. अक्का दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती.

"नि नवी पत्रिकास्मा?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. निदान अक्काशी नाही.

"त्यास्मा नही शे," मी म्हटलं.

"माले माहित व्हतं," ती म्हणाली. रागानंही नाही. इतकी वर्षं जे धरून ठेवलं ते खरंच निघालं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

तिला खात्री पटावी म्हणून मी नव्या फॉन्टातली एक पत्रिका उघडली, तिच्यातला मेलेला मजकूर काढला आणि लॅपटॉप उचलून उंबऱ्यापाशी नेला. मी स्वतः तो वाचलेला नव्हता. शोध नाही म्हणाला होता, मग वाचायचं कशाला? अक्काची शाळा लवकर सुटली. ती वाचते ती बोट ठेवून आणि मोठ्यानं, एकेक शब्द. मुहूर्त वाचला. कार्यालयाचा पत्ता वाचला. आशीर्वाद वाचलं. मग खाली आली.

"माझ्या... मामाच्या... लग्नाला... यायचं... हं," तिनं वाचलं. आणि पुढचा शब्द वाचला.

ते तिचं नाव होतं. रफार नसलेलं. इतक्या वर्षांत अक्काच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही पोरगी म्हणायची तसं, कारण लिहिलेलंच तसं होतं. मी रफारासकट शोधत होतो, म्हणून मला सापडलं नव्हतं.

मग मी, सवयीचा गुलाम, म्हणालो, "टायपिंगनी चूक व्हई."

म्हटलं आणि मलाच कळलं की नाही. भाऊजी प्रूफ कसं बघायचे ते साऱ्या गल्लीला माहीत होतं. रफार म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची टोपी, असं म्हणायचे, आणि ती पडली तर भर उन्हात सायकल काढून प्रेसवरून ट्रेसिंग परत आणायचे. त्याच पत्रिकेत मुहूर्तावर रफार होता, कार्यालयावर होता, आशीर्वादावर होता. फक्त तिच्या नावावर नव्हता. नमुना पुन्हा टाइप करताना त्यांनी तिचं नाव पुन्हा टाइप केलं होतं, आणि ते करताना तिचा आवाज त्यांच्या कानात होता. मी लगेच बाकीच्या फायली तसं नाव घालून शोधल्या. ती सगळीकडे होती, अगदी शेवटच्या पत्रिकेपर्यंत, लोक मोबाइलवर आमंत्रणं पाठवायला लागले आणि गिऱ्हाइकं बंद झाली तोवर. दशक्रियेच्या पत्रिकाही तपासल्या. त्यांत ती कुठंच नव्हती. त्यांचा नमुना भाऊजींनी वेगळा ठेवला होता.

मी हे सगळं अक्काला सांगितलं. वाटलं, आता तिचं मन हलकं होईल. मी ते जरा आनंदानंच सांगत होतो, हे आठवून मला अजून अवघडल्यासारखं होतं.

अक्का उंबऱ्यात खाली बसली. पदर तोंडाला लावला, पण रडली नाही.

"म्हनजे त्या एकलाच भेटेत तिले," ती भाऊजींच्या खुर्चीकडे बघत म्हणाली. "बठ्ठा दिन आठे बसीसन तिले भेटेत. नि मी तठे चूल्हाजोडे. माले एक डाव बी बलावं नही."

एवढ्या वर्षांच्या एका रागाची जागा दुसऱ्या रागानं घेतली, आणि हा राग खोडून काढायला माझ्याकडे कुठलीच फाईल नव्हती. त्यांनी बोलवायला हवं होतं. तिनं आत यायला हवं होतं. मधे एक उंबरा होता आणि दोघांनी तो जपला.

बऱ्याच वेळानं ती उठली. उंबरा ओलांडून आत आली, भाऊजींच्या खुर्चीवरची धूळ पदरानं झटकली आणि बसली. खुर्चीची उंची त्यांच्या मापाची होती, तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. लॅपटॉप मी तिच्यासमोर ठेवला.

"आते पयलीपाईन उघड," ती म्हणाली. "बठ्ठ्या."

सगळ्यांतली पहिली पत्रिका मी उघडली. अक्कानं बोट ठेवलं आणि वाचायला लागली.